नकाशावर पात्र, कागदावर अपात्र

अमेरिकेच्या कृषी खात्याने इंटरनेटवर एक नकाशा ठेवला आहे. त्यात घराचा पत्ता टाकला की ती जागा सरकारच्या लेखी ग्रामीण आहे की नाही ते कळतं. रंगवलेला भाग अपात्र, उरलेला सगळा देश पात्र. नकाशा मोठा करत गेलं की रंगाची कड एखाद्या रस्त्याच्या मधोमध येऊन थांबते. रस्त्याच्या एका अंगाचं घर एक डॉलरही आगाऊ न भरता सरकारी हमीच्या कर्जावर घेता येतं. समोरच्या अंगाला तसंच घर, तोच बिल्डर, तीच किंमत, पण ही हमी नाही. घराच्या शोधात असलेली माणसं हा नकाशा उघडून तासन्‌तास बसतात आणि इस्टेट एजंट जाहिरातीत घराच्या खोल्यांच्या आधी ही पात्रता लिहितात.

माझं म्हणणं असं की हा नकाशा चुकीची गोष्ट मोजतो. तो माणसं मोजतो. कर्ज कुठे मिळत नाही हे त्याने मोजायला हवं होतं, कारण मूळ कायद्याला काळजी त्याचीच होती.

१९४९ च्या गृहनिर्माण कायद्यातल्या कलम ५०२ खाली खेड्यातल्या कुटुंबांना सरकार स्वतः कर्ज देऊ लागलं. त्याला थेट कर्ज म्हणतात. उत्पन्न फारच कमी असेल तर व्याजाचा भार सरकार इतका उचलतं की कर्जदाराला प्रत्यक्षात १ टक्का व्याज पडावं, आणि फेड ३३ वर्षांची, गरज पडल्यास ३८ वर्षांची. १९९० च्या कायद्याने दुसरी वाट उघडली. या वाटेने पैसा बँकेचा असतो आणि सरकार फक्त हमीदार राहतं. कर्ज बुडालं तर ९० टक्क्यांपर्यंतची हमी सरकारची. त्यापोटी कर्जदार सुरुवातीला १ टक्का शुल्क देतो आणि पुढे दरवर्षी शिल्लक कर्जावर ०.३५ टक्के. उत्पन्नाची मर्यादा त्या भागातल्या मध्यम उत्पन्नाच्या ११५ टक्के. २०२५ मध्ये बहुतेक काउंट्यांत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) चार माणसांपर्यंतच्या कुटुंबाला ही मर्यादा १,१९,८५० डॉलर होती. म्हणजे हमीची योजना अगदी गरिबासाठी नाही, मध्यम कमाईच्या कुटुंबासाठी आहे. त्यात वाईट काही नाही. मात्र ‘ग्रामीण गृहकर्ज’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे घर येतं, ते बहुधा या योजनेतलं नसतं.

आता ग्रामीण म्हणजे काय? कायद्याची उत्तरं पायऱ्यापायऱ्यांनी येतात. २,५०० वस्तीपर्यंतचं, शहराला न जोडलेलं गाव ग्रामीण. १०,००० पर्यंतचं गाव ‘ग्रामीण स्वरूपाचं’ असेल तर ग्रामीण. १०,००० ते २०,००० वस्तीचं असेल तर ते महानगर क्षेत्राबाहेर हवं आणि तिथे घरकर्जाची गंभीर टंचाई हवी. याखेरीज एक जुनी सवलत आहे. जी गावं पूर्वी ग्रामीण म्हणून नोंदली गेली ती वाढून ३५,००० पर्यंत गेली तरी काही अटींवर पात्र राहू शकतात. ही मर्यादा २०१४ च्या शेती कायद्याने वाढवून दिली आणि सवलत २०३० च्या जनगणनेचे आकडे हाती येईपर्यंत चालू आहे.

या पायऱ्यांमध्ये एकच शब्दप्रयोग मुद्द्याचा आहे: घरकर्जाची गंभीर टंचाई. तो शेवटी येतो, मोठ्या गावांना लागतो, आणि गावागावात जाऊन ती टंचाई मोजणारं कुणी नसतं. बाकीचं सगळं जनगणनेच्या आकड्यावर चालतं.

मी टेक्सासच्या कॉलिन काउंटीत राहते, डलासच्या उत्तरेला. फ्रिस्को आणि प्लॅनो इथे मराठी कुटुंबं एवढी आहेत की गणपतीत ढोलताशा पथकाला सरावासाठी जागा पुरत नाही. काउंटीची लोकसंख्या २०१० मध्ये ७,८२,३४१ होती, २०२० मध्ये १०,६४,४६५ झाली. पूर्वेकडचं प्रिन्स्टन हे एके काळचं शेतीचं गाव. २०१० मध्ये तिथे ६,८०७ माणसं होती, २०२० मध्ये १७,०२७. जुलै २०२३ ते जुलै २०२४ या वर्षात देशात सर्वांत वेगाने वाढलेलं शहर म्हणून जनगणना विभागाने याच प्रिन्स्टनचं नाव घेतलं. सप्टेंबर २०२४ मध्ये रस्ते आणि पाणी पुरेना म्हणून नगरपरिषदेने नव्या घरांच्या परवानग्यांवर स्थगिती आणली. अशा गावात बँक कर्ज देत नाही असं कोण म्हणेल? विक्री कार्यालयाच्या दारातच सावकार संस्थांचे माहितीपत्रकांचे गठ्ठे असतात. पण जनगणना दहा वर्षांनी होते आणि नकाशा तिच्या मागून चालतो. २०२० च्या आकड्यांनुसार नकाशे बदलायला ऑक्टोबर २०२३ उजाडला. तोवर शहराच्या कडेची अशी किती गावं कागदावर खेडीच राहिली.

इथल्या मराठी माणसांच्या बोलण्यात ही योजना अधूनमधून येते, म्हणून सांगून ठेवते. एच-वन-बी व्हिसावरच्या माणसाला ती मिळत नाही. नागरिक, कायम रहिवासी किंवा कायद्याने पात्र ठरवलेल्या मोजक्या वर्गांतलेच लोक चालतात. दोघे कमावते असतील तर उत्पन्नाची मर्यादाही आडवी येते. थोडक्यात, आपल्यातल्या बहुतेकांचा या योजनेशी थेट संबंध नाही. तरी मला ती महत्त्वाची वाटते, कारण जमीन, तारण आणि सरकारी शिक्का यांचा हा गुंता आपण आपल्या गावी पाहिलेला आहे. त्याकडे पुढे येते.

कॉलिनच्या दुसऱ्या टोकाला साउथ डकोटातली ओग्लाला लकोटा काउंटी ठेवून पाहा. २०१५ पर्यंत तिचं नाव शॅनन काउंटी होतं. ओग्लाला लकोटा या मूळनिवासी टोळीच्या पाइन रिज या आरक्षित प्रदेशाचा मोठा भाग तिच्यात येतो. २०२० मध्ये लोकसंख्या १३,६७२. काउंटीला स्वतःचं मुख्यालयही नाही, दप्तराचं काम शेजारच्या फॉल रिव्हर काउंटीतल्या हॉट स्प्रिंग्जमध्ये चालतं. देशातल्या सर्वांत गरीब काउंट्यांत तिची गणना होते. एका घरात तीन-तीन कुटुंबं, हिवाळ्यात उणे पंचवीस-तीसपर्यंत उतरणारा पारा, जुन्या ट्रेलर-घरांना लाकडी चुलाण्यांची ऊब. ग्रामीण म्हणून इथे शंकेला जागा नाही. पण घर बांधायला निघालेल्या माणसाला नकाशावरची ही पात्रता कितीशी उपयोगी पडते?

अडचण मातीखाली आहे. इथली पुष्कळ जमीन विश्वस्त जमीन आहे: मालकी टोळीची किंवा व्यक्तीची, पण नावावर विश्वस्त म्हणून केंद्र सरकार. ती विकता येत नाही, केंद्राच्या मंजुरीशिवाय गहाण ठेवता येत नाही. ही तरतूद कुणाच्या लहरीतून आलेली नाही. १८८७ च्या डॉज कायद्याने टोळ्यांची सामाईक जमीन तुकडे पाडून माणशी वाटली आणि ‘उरलेली’ बाहेरच्यांना खुली केली. १८८७ मध्ये मूळनिवासींकडे १३ कोटी ८० लाख एकर जमीन होती. १९३४ मध्ये वाटपाचं धोरण थांबलं तेव्हा सुमारे ४ कोटी ८० लाख एकर उरली होती. एवढं गमावल्यावर उरलेल्या जमिनीला कुंपण घातलं गेलं ते योग्यच झालं. पण त्याच कुंपणामुळे बँकेला तारण दिसेनासं झालं.

वर वारसांचा प्रश्न. वाटपात मिळालेले तुकडे पिढ्यान्‌पिढ्या वाटणी न होता वारसांच्या नावे चढत गेले. १९८७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर ओग्लाला लकोटा वारसांचाच एक खटला आला. त्या निकालात, त्याच राज्याच्या ईशान्येकडच्या सिसेटन-वाहपेटन टोळीच्या एका तुकड्याचा दाखला दिलेला आहे. ४० एकर जमीन, किंमत ८,००० डॉलर, वर्षाचं उत्पन्न १,०८० डॉलर, मालक ४३९. सर्वांत लहान हिस्सेदाराच्या वाट्याला १७७ वर्षांतून एकदा एक सेंट येणार. हिस्से मांडायला जो समान छेद धरावा लागला तो ३३,९४,९२,३८,४०,०००, म्हणजे तेरा आकडी. आपल्याकडे सातबारावर पंधरा-वीस नावं असली तरी तलाठी कार्यालयाच्या फेऱ्या मारून चपला झिजतात. इथे घर बांधू पाहणाऱ्याने काय करायचं? विश्वस्त जमिनीच्या पैशांचा हिशोब सरकारने नीट ठेवला नाही म्हणून मूळनिवासींनी केलेल्या कॉबेल खटल्याच्या तडजोडीतून १.९ अब्ज डॉलर असे हिस्से विकत घेऊन टोळ्यांकडे परत करण्यासाठी ठेवले गेले. काम झालं, पण २०२२ मध्ये तो कार्यक्रम संपला आणि गुंता उरलाच.

समजा जमीन टोळीची आहे आणि टोळीने भाडेपट्टा द्यायचं कबूल केलं. मग मूळनिवासींचा कारभार पाहणाऱ्या केंद्राच्या इंडियन व्यवहार विभागाकडून जमिनीच्या मालकीचा दाखला आणायचा, पट्ट्याला मंजुरी घ्यायची, गहाणखताला वेगळी मंजुरी, आणि सगळं नोंदल्यावर पुन्हा नवा दाखला. तो हाती येईपर्यंत बँकेने कबूल केलेल्या व्याजदराची मुदत संपून जाऊ शकते. जागेचं मूल्यांकन करणारा शंभर मैलांवरून येतो आणि म्हणतो, तुलनेला जवळपास एकही घर विकलं गेलेलं नाही, किंमत काय लिहू? कर्जाची रक्कम लहान, सत्तर-ऐंशी हजार डॉलर. तेवढ्याच कागदपत्रांत बँकेचा अधिकारी कॉलिन काउंटीत साडेतीन लाखांचं कर्ज करतो. ९० टक्के हमी दिली म्हणून तो पाइन रिजला का जाईल? हमी बुडण्याची भीती घालवते. खर्च, अंतर आणि विलंब यांवर ती काही करू शकत नाही.

टेक्सासचंच दुसरं टोक घ्या. हिडाल्गो आणि स्टार काउंट्यांत, मेक्सिकोच्या सीमेवर, ज्यांना कोलोनिया म्हणतात त्या वस्त्या आहेत. तिथे लोकांनी प्लॉट घेतले ते हप्त्यावर, आणि खरेदीखत होणार शेवटचा हप्ता फिटल्यावर. एखादा हप्ता चुकला की प्लॉटही गेला आणि भरलेले पैसेही. १९९५ मध्ये राज्याने कायदा करून विकणाऱ्यांना वेसण घातली. पण गटार नाही, पाणी नाही, रस्ता नाही अशा जागेला कर्ज द्यायचं तर कृषी खात्याचे स्वतःचेच नियम आड येतात: पाणी पिण्यालायक हवं, मैल्याची सोय हवी, बाराही महिने गाडी जाईल असा रस्ता हवा. नियम चांगले आहेत. पण नियम पाळायला लागणारं पाणी आणि रस्ता आणणार कोण, हा प्रश्न घर घेणाऱ्याच्या माथी मारलेला आहे.

गावठाणातलं घर आजोबांनी बांधलेलं, घरपट्टी नियमित भरलेली, आणि बँक म्हणते मालकीचा कागद दाखवा. महाराष्ट्रात हे घरोघरी झालं आहे. ग्रामपंचायतीचा नमुना आठ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही, हे लोकांना बहुधा बँकेच्या काउंटरवरच कळतं. २०२० मध्ये स्वामित्व योजना आली, ड्रोनने गावठाणं मोजून मिळकत पत्रिका देण्याचं काम सुरू झालं, ते याच अडचणीवर. आणि आदिवासी पाड्यांत प्रश्न थेट पाइन रिजसारखा आहे. १९७४ च्या दुरुस्तीपासून महाराष्ट्रात आदिवासीची जमीन परवानगीवाचून बिगर-आदिवासीकडे जाऊ शकत नाही. हे संरक्षण गेलं तर काय होईल ते ठाणे-रायगडची सेकंड होमं पाहिलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. तेव्हा ‘जमीन मोकळी करा, म्हणजे कर्ज मिळेल’ हा सल्ला मला दोन्हीकडे धोक्याचा वाटतो. जमीन सुरक्षित ठेवून कर्ज पोचवता येतं का, हे विचारायला हवं.

येतं, आणि त्याचा दाखला साउथ डकोटातच आहे. २०१८ मध्ये कृषी खात्याने एक प्रयोग केला. पाइन रिजवरची मझास्का आणि शायन नदीच्या आरक्षित प्रदेशातली फोर बँड्स या मूळनिवासींनीच चालवलेल्या दोन पतसंस्थांना प्रत्येकी ८ लाख डॉलर थेट कर्जाच्या निधीतून दिले आणि पुढचं कर्जवाटप त्यांच्यावर सोपवलं. या संस्थांना कुठला पट्टा कुठे अडतो ते माहीत होतं. विभागातला कागद कुणाच्या टेबलावर आहे ते माहीत होतं. कर्जदाराला अर्ज भरण्याआधी वर्षभर बचतीची आणि हप्त्यांची शिकवण देण्याइतका धीर होता. पैसे पडून राहिले नाहीत, घरं झाली. नंतर प्रयोग इतर राज्यांत वाढवण्यात आला आणि सिनेटर टीना स्मिथ व माइक राउंड्स यांनी, एक डेमोक्रॅट आणि एक रिपब्लिकन, तो कायमचा करण्यासाठी विधेयक मांडलं. माझ्या मते पूर्ण धोरणाची दिशा हीच असायला हवी. प्रयोगाच्या नावाने आठ-आठ लाख देऊन थांबणं पुरेसं नाही.

कारण आजचा ओघ उलटा आहे. अलीकडच्या वर्षांत हमीच्या योजनेला संसदेने वर्षाला २५ ते ३० अब्ज डॉलरपर्यंत कर्जाची मुभा दिली आहे. थेट कर्ज साधारण एक अब्जाच्या आसपास घुटमळतं. १९७६ मध्ये थेट कर्जाने एका वर्षात लाखाहून अधिक घरं उभी केली होती. आता वर्षाला दहा हजारही होत नाहीत. २०१८ च्या अर्थसंकल्पी प्रस्तावात तर अध्यक्षांनी थेट कर्जाला शून्य लिहिलं होतं, संसदेने ते ऐकलं नाही एवढंच. कारण साधं आहे. हमीची योजना कर्जदारांच्या शुल्कातून आपला खर्च भागवते, तिजोरीला तोशीस नाही. थेट कर्जात व्याजाचा भार सरकार उचलतं, ते खर्चाच्या रकान्यात दिसतं. म्हणून जी योजना स्वस्त ती फुगली, आणि जिची गरज होती ती आटली.

थेट कर्जातून काय घडतं याचं माझं आवडतं उदाहरण कॅलिफोर्नियाच्या टुलेरी काउंटीतलं आहे. १९६० च्या दशकात तिथल्या शेतमजुरांनी क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या कार्यकर्त्यांच्या मदतीने एकमेकांची घरं बांधायला घेतली. त्यातून १९६५ मध्ये सेल्फ-हेल्प एंटरप्रायझेस ही संस्था निघाली आणि पुढे कृषी खात्याने ही पद्धत देशभर स्वीकारली. आठ-दहा कुटुंबांचा गट, एका रांगेत प्लॉट, सगळ्यांना कलम ५०२ चं थेट कर्ज. आठवडाभर द्राक्षं खुडायची आणि शनिवार-रविवार हातोडा घ्यायचा. मजुरीचं सुमारे ६५ टक्के काम स्वतः करायचं. सर्वांची घरं पुरी होईपर्यंत कुणीही राहायला जायचं नाही. आपल्याकडची सावड जशी चालते तसंच हे: आज सगळे तुझ्या वावरात, उद्या सगळे माझ्या. मजुरीचे पैसे वाचले तोच डाउन पेमेंट. असं घर बांधलेला माणूस घर सोडून जात नाही.

नकाशाच्या बाजूने बोलणाऱ्यांचं एक म्हणणं मला मान्य करावं लागतं. शहराच्या कडेला हमीवर घर घेणारं कुटुंब श्रीमंत नसतं. शाळेतली शिक्षिका, रुग्णालयातली परिचारिका, गोदामात पाळीवर जाणारा नवरा; शहरातलं भाडं परवडेना म्हणून ती माणसं प्रिन्स्टनसारख्या गावी येतात आणि रोज दीड-दोन तास गाडी हाकतात. त्यांची हमी काढून घ्यायची असं मी म्हणत नाही. त्यांच्यासाठी ३.५ टक्के आगाऊ भरण्याची एफएचए ही केंद्राची दुसरी गृहकर्ज-हमी योजना आहे, पण साडेतीन टक्के साठवायलाही काळ लागतोच. शिवाय ती हमी काढल्याने पाइन रिजला एक डॉलरही जादा जाणार नाही, कारण दोन्हीचे पैसे वेगळे आहेत.

दुसरा युक्तिवाद अधिक वजनाचा. आकड्यावर आखलेली रेघ निदान कुणाचं तोंड पाहत नाही. एके काळी कृषी खात्याची कार्यालयं जवळजवळ प्रत्येक काउंटीत होती आणि शेतीकर्जांचे निर्णय स्थानिक समित्यांच्या हाती होते. कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना त्या निर्णयांत वर्षानुवर्षं डावललं गेलं. १९९९ मध्ये पिगफर्ड खटल्याची तडजोड झाली ती त्याबद्दल. स्थानिक मर्जीवर कर्ज सोडण्याचा परिणाम देशाने पाहिला आहे. म्हणून मीही मर्जी मागत नाही, मोजमापच मागते, फक्त योग्य गोष्टीचं.

आणि ते करता येण्याजोगं आहे. १९७५ च्या कायद्यापासून बँकांना जनगणनेच्या कुठल्या छोट्या भागात किती घरकर्जं दिली हे, आणि १९८९ च्या दुरुस्तीपासून किती नाकारली हेही, जाहीर करावं लागतं. म्हणजे कर्जाची टंचाई मोजायची फूटपट्टी पन्नास वर्षं घरात पडून आहे. तिला एक भोक आहे: ज्या बँकेची महानगर क्षेत्रात एकही शाखा नाही तिला या माहितीतून सूट आहे. म्हणजे नेमकी जिथे टंचाई शोधायची त्या खेड्यांचीच माहिती अपुरी. ही सूट निदान एवढ्यापुरती काढावी, छोट्या बँकांसाठी दोन पानांचा सोपा तक्ता ठेवावा. मग ‘गंभीर टंचाई’ हा शब्दप्रयोग कायद्याच्या तिसऱ्या पायरीवरून पहिलीवर आणता येईल. जिथे टंचाई खरी असेल तिथे थेट कर्जाचा निधी आधी जावा, स्थानिक पतसंस्थांच्या हातून जावा, आणि विश्वस्त जमिनीचा दाखला देण्याला कायद्याने मुदत असावी. २०१२ च्या हर्थ कायद्याने टोळ्यांना आपले भाडेपट्टे स्वतः मंजूर करण्याची वाट दिली आहे. गहाणखतांची वाटही सगळीकडे तेवढीच मोकळी करायला हरकत कसली?

जुन्या सवलतीची मुदत २०३० च्या जनगणनेपर्यंत आहे. ती संपत आली की शहराकडेच्या काउंट्यांतले बिल्डर, सावकार संस्था आणि त्यांचे खासदार ३५,००० ची मर्यादा आणखी वर नेण्यासाठी धावतील, हे मागच्या अनुभवावरून दिसतंच आहे. पाइन रिजसाठी धावणारे थोडे आहेत. ही मर्यादा पुन्हा वाढवायची असेल तर त्याच कायद्यात थेट कर्जाची किमान रक्कम बांधून घ्यावी आणि पतसंस्थांचा प्रयोग कायम करावा. एक दिल्याखेरीज दुसरं देऊ नये. ही अट घालायची संधी संसदेला दहा वर्षांतून एकदाच मिळते.